फोटोतला कासरा

मी कासरा बोलतोय. भाजे गावात, लेण्यांच्या डोंगराखाली, केरबांच्या घरातल्या पुढच्या खोलीत मी एका खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या बरोबर वर एक फोटो आहे. घरात येणारा प्रत्येकजण आधी तो फोटो बघतो आणि "वा!" म्हणतो. त्या फोटोत मीही आहे. पण मला आजवर एकाच माणसानं नीट पाहिलं, आणि पाहून तो गप्प बसला. म्हणून मला बोलावं लागतंय.

कासरा म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. बैलांना हाकताना जो दोर माणसाच्या हातात असतो, तो कासरा. मी सुताचा, तीन पदरांचा, बारा हात लांब. केरबांनी मला कामशेतच्या बाजारातून आणलं. दोन्ही मुठींत धरून त्यांनी मला एक सणसणीत झटका दिला आणि म्हणाले, "टिकंल." एवढंच माझं बारसं.

केरबांकडे तेव्हा दोन बैल होते, मोऱ्या आणि हरण्या. हरण्या दिसायला देखणा. शिंगं सारखी, अंग चकचकीत. मोऱ्या काळपट आणि बुटका. दोघं एकाच जुवाखाली चालायचे, पण दोघं सारखं ओढायचे नाहीत. हे लांबून कुणाला कळायचं नाही. केरबांना कळायचं, कारण मी त्यांच्या हातात असायचो.

त्यांची धाकटी मुलगी प्रतीक्षा तेव्हा सहा वर्षांची होती. ती त्यांच्या मागून भाताच्या खाचरात चालायची. केरबा माझं टोक तिच्या मुठीत द्यायचे.

"वढू नगंस. नुसता धर. काय कळतंय का?"

ती डोळे मिटायची. "आबा, मोऱ्या ओढतोय. हरण्या नुसता चालतोय."

"शाबास. डोळ्यांवर जाऊ नगंस कदी. कासऱ्याला इचारायचं."

पोळ्याला मात्र केरबा हरण्याला जास्त सजवायचे. गावाला दाखवायला तोच बरा दिसायचा. पुढं भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि बैल विकायचे ठरले. व्यापाऱ्यानं मोऱ्याच्या मानेवरून हात फिरवला. तिथं जुवाचा जाड घट्टा पडला होता. "ह्यो झिजलाय," तो म्हणाला आणि मोऱ्याची किंमत पाडली. हरण्याची मान लोण्यासारखी होती. त्याला चांगला भाव आला. ज्यानं ओढलं त्याच्या अंगावर खूण राहते, आणि त्या खुणेनंच त्याची किंमत कमी होते, हे मी त्या दिवशी शिकलो. केरबा तेव्हाही काही बोलले नव्हते.

मग दहा वर्षं मी रिकाम्या गोठ्यात खुंटीवर होतो. माझ्यावर कोळ्यांनी जाळी केली. उंदरानं एक पदर कुरतडून बघितला आणि सोडून दिला.

त्या दहा वर्षांत प्रतीक्षा मोठी झाली. शनिवार-रविवारी आई विठाबाईबरोबर ताकाची बरणी डोक्यावर घेऊन ती लोहगडाच्या पायथ्याला जायची. पर्यटक पायऱ्यांवर बसून धापा टाकायचे आणि ही दिवसातून दोनदा वर-खाली करून यायची. कुणी तिला धावपटू म्हटलं नाही. ताकवाली म्हटलं. अकरावीला ती पुण्याला गेली आणि वसतिगृहात राहू लागली. शनिवार-रविवार घरी यायची. बोलायची कमीच.

या पौषातल्या एका शुक्रवारी ती आली, तेव्हा तिच्या दप्तरात एक फॉर्म होता. उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरात एक महिन्याचं गिर्यारोहणाचं शिक्षण. कॉलेजच्या मॅडमनी तिचं नाव सुचवलं होतं, राहण्याजेवण्याचीही सोय होणार होती. फक्त खाली एक ओळ रिकामी होती, पालकाची सही. फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

केरबांनी फॉर्म लांब धरून बघितला. "बर्फाच्या डोंगरात? येकटी? का, आपला डोंगर संपला व्हय?"

"तसं नाही आबा. शिकवतात तिथे."

"चढायला काय शिकायचं? आन् तितं काय झालं तर वढून आनायला कोन हाय? न्हाई जमायचं तुला येकटीला."

तिनं फॉर्मची घडी घातली. रडली नाही. ती मागच्या दारी आली, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळानं तिचा मोठा भाऊ सुहास तिथं आला. तो आंबीच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होता. चार वर्षं झाली तरी कायम झाला नव्हता.

"ए, उद्या शर्यत हाय. मळवलीच्या मैदानातनं सुटायचं, गायमुख खिंडीतनं पलीकडं पवनेच्या धरणाच्या पाण्यावर, तितं होडी वल्हवायची आन् परत त्याच खिंडीतनं मळवलीला. चौघांची टीम. त्यात एक तरी पोरगी लागतीच, नियम हाय. येतीस का?"

"मी?"

"मग काय आईला नेऊ? आमचं मोठं साहेब यायचंत बघायला. टीम पुढं आली तर माझं नाव वर जाईल. कायम करत्यात मग." तो जरा थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "तू नीट पळ. जिंकलो की मी सांगतो आबांना, हिच्यामुळं जिंकलो म्हनून. सही करत्याल. माझं ऐकत्यात ते."

ते खरं होतं. कमावत्या मुलाचं केरबा ऐकत.

"नक्की सांगशील, दादा?"

"शप्पत."

बरोबर एक दोर आणायचा, असं यादीत लिहिलं होतं. चौघांनी कायम एकमेकांजवळ राहायचं, वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर चौघांनी मिळूनच शिक्का घ्यायचा आणि शेवटचा माणूस पोचेल ती टीमची वेळ, असा नियम. म्हणून दमलेल्याला कमरेला दोर बांधून ओढायला परवानगी होती. प्रतीक्षानं वर बघितलं आणि मला खुंटीवरून काढलं. जाळी झटकली. दोन्ही मुठींत धरून मला झटका दिला, तिच्या बापानं दिला होता तसाच. मी टिकलो.

शनिवारी सकाळी मैदानावर सुहासचे दोन सोबती आले. दोघं त्याच कारखान्यातले. पवन हा बडबड्या, राजेंद्र टाकव्याचा, रोज सायकलनं कामावर जाणारा, मोजकं बोलणारा. मला बघून पवन हसत सुटला.

"आरं, आज बैलपोळा हाय का शर्यत?"

"गप ए," सुहास म्हणाला. "हिला बांधून न्यायचीय. पोरगी मागं पडली म्हंजी समदेच मागं."

त्यानं माझं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं बहिणीच्या. तो पुढं, ती मागं. शेजारी लाल टी-शर्ट घातलेली पुण्याची टीम उभी होती. त्यांच्याकडे रबरासारखी ताणली जाणारी रंगीत दोरी होती. सुहास त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बहीन हाय. वढत न्यावं लागनार."

शिट्टी झाली. खिंडीपर्यंतच्या सगळ्या चढावर मी जमिनीवर लोळत गेलो. एकदाही ताणलो नाही. प्रतीक्षा भावाच्या टाचेला टाच लावून चढत होती, आणि पायाखाली येऊ नये म्हणून मला सारखी बाजूला उडवत होती.

"दादा, दोर सोडू का? पायात येतोय."

"राहू दे. बांधलेला बरा दिसतो."

पाण्यावर मी भिजलो. होडी वल्हवताना सुहासनं सगळा जोर पहिल्या दहा मिनिटांतच घालवला. आदल्या आठवडाभर त्याची रात्रपाळी होती. तो झोपला नव्हता, पळायचा सराव तर नव्हताच. काठाला लागलो तेव्हा लाल टी-शर्टवाले पुढं निघून गेले होते. परतीच्या चढाला थोडं अंतर गेलो आणि सुहास एका दगडावर बसला.

"पोटरीत गोळा आलाय. आई गं!"

पवननं पोटरी चोळली. राजेंद्रनं पाणी दिलं. सुहास उठला, चार पावलं चालला आणि पुन्हा बसला. त्याचं तोंड उतरलं होतं. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. चार वर्षांची आशा त्या एका पोटरीत अडकली होती.

प्रतीक्षानं दोघांच्या कमरेवरून मला सोडलं. एक टोक तिनं स्वतःच्या कमरेला बांधलं, गोठ्यातली गाठ मारून. दुसरं सुहासच्या कमरेला. आता ती पुढं होती.

"दादा, उठ. जोर लावू नकोस. नुसता ये."

आणि दहा वर्षांनी मी ताणलो गेलो. माझे तिन्ही पदर करकरले. ओल्या सुतातून पाणी ठिबकलं. मागं सुहासचं सगळं वजन आणि पुढं सतरा वर्षांची ती बारीक पोर. मला वाटलं, ही आता पडेल. ती पडली नाही. पुढं वाकून, ताकाची बरणी डोक्यावर असल्यासारखी, छोटी छोटी पावलं टाकत राहिली. मला मोऱ्याची आठवण झाली. तोही असाच मान खाली घालून चालायचा.

"आयला!" पवन मागून म्हणाला. "सुहास्या, तुला ट्रॅक्टर मिळाला की रं!"

राजेंद्रनं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग तो तिला म्हणाला, "दमलीस तर सांग, बाय. मी बांधून घेतो."

"नको दादा. लय येळ जाईल सोडायला-बांधायला," ती म्हणाली. धापेत तिची पुण्याची भाषा गळून पडली होती.

खिंडीच्या तोंडाशी आम्ही लाल टी-शर्टवाल्यांना गाठलं आणि मागं टाकलं. उतारावर मी सैल पडायचो, सपाटीला पुन्हा ताण. भाजे गाव आलं आणि मागं गेलं. आम्ही पहिले होतो. मळवलीच्या मैदानाचे भोंगे ऐकू यायला लागले. एक वळण उरलं होतं.

"थांब," सुहास म्हणाला.

ती थांबली नाही.

"प्रतीक्षा, थांब म्हनतोय ना! कासरा फिरव."

"का?"

"साहेब उभे असत्याल. बहिनीनं वढत आनलेला मानूस कोन कायम करंल? हसत्याल सगळे. मी पुढं होतो."

"दादा, मागचे येतायत."

"मी आबांना सांगनार हाय ना घरी? खरं काय ते सांगनार हाय. हितं तेवढं राहू दे. पाया पडतो तुझ्या."

मोठा भाऊ पाया पडायची भाषा बोलला आणि ती विरघळली. दुसरी कुणी असती तर पळत सुटली असती. आमच्याकडच्या मुली भावाला चारचौघांत खाली बघायला लावत नाहीत. ओढणाऱ्याची गाठ पाठीशी असते, ओढून नेलेल्याची पोटाशी; म्हणून तिनं स्वतःच्याच हातानं गाठ सोडायला घेतली.

पण मी भिजलेलो होतो. ओलं सूत आणि त्यावर दोन तासांचा ताण. गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. तिची नखं मोडली. पवननं दात लावून बघितले. मी सुटायचा प्रयत्न केला नाही, हे कबूल करतो. मला त्या टोकालाच राहायचं होतं. शेवटी गाठ सुटली, तेव्हा लाल टी-शर्टवाले आमच्या शेजारून हसत पुढं गेले.

सुहास पुढं, प्रतीक्षा मागं, असे आम्ही दुसरे आलो. लंगडत लंगडत, दात आवळून तो पुढं पळत होता आणि ती त्याच्या चालीनं, पावलं मोजून मागून येत होती. कॅमेरावाल्यानं फोटो काढला. टाळ्या पडल्या.

सुहासनं मान उंचावून खुर्च्यांकडे बघितलं. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

"साहेब कुटंयत?"

शिट्टीवाला म्हणाला, "ते मघाशीच गेले लोणावळ्याला. जेवायला."

घरी केरबा अंगणातच होते. प्रतीक्षा दाराला टेकून उभी राहिली. तिच्या दप्तरातला फॉर्म तिनं वाटेतच हाताशी काढून ठेवला होता, हे मला माहीत होतं, कारण मी त्याच दप्तरावर गुंडाळलेला होतो. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती.

"काय झालं रं?" केरबांनी विचारलं.

"दुसरा नंबर, आबा. पहिलाच यायचा. पन शेवटाला कासरा पायात यायला लागला, सोडावा म्हनलं, तर हिनं मारलेली गाठच सुटंना. तिथंच गेला नंबर."

"तरी म्हनलं व्हतं, पोरीला नेऊ नगंस," केरबा म्हणाले.

सुहासनं बहिणीकडे बघितलं नाही. तो पाय धुवायला गेला. ती तशीच उभी होती. पाण्याचा आवाज थांबला, तो बाहेर आला, टॉवेलनं तोंड पुसलं, मोबाईल घेतला. सांगितलं नाही. जेवताना सांगितलं नाही.

संध्याकाळी विठाबाईनं तेल-हळद गरम केली. आतल्या खोलीत मी वाळत टाकलेला होतो.

"पाठ दाव. वळ आलं असत्याल वढून वढून."

"पाठीवर काही नाही, आई."

विठाबाईनं तिचा सदरा मागून वर केला. पाठ कोरी होती. मग तिनं मुलीला स्वतःकडे वळवलं. पोटावर, बेंबीच्या खाली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक जाड लाल वळ होता. मध्ये कातडी सोलली होती. दोर ज्याला ओढून नेतो त्याच्या पाठीवर वळ येतो. जो ओढतो त्याच्या पोटावर. बैलांच्या घरात नांदलेल्या बाईला हे सांगायला लागत नाही.

तेलाची वाटी तिच्या हातात तशीच राहिली.

"कोन वढत व्हतं गं?"

प्रतीक्षानं सदरा तसाच वर धरून ठेवला.

विठाबाईनं तेल लावलं. फार हळू लावलं. लावून झाल्यावर म्हणाली, "ह्यांना बोलू नगंस. सुहासचं नाव चाललंय गावात. आन् वळ जाईस्तवर सलवार सैल बांध. असलं कुनाला दाखवायचं नसतं."

मोऱ्याच्या मानेवरचा व्यापाऱ्याचा हात मला पुन्हा दिसला.

रविवारी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, 'बहिणीला ओढत आणणारा जिद्दी भाऊ'. शेजारच्या लीलाबाई पेपर घेऊन आल्या. "भाऊ असावा तर असा, बाई! नशीब काढलंस गं प्रतीक्षा!" सुहास पलंगावर पाय लांब करून बसला होता. त्यानं गोष्ट पहिल्यापासून सांगितली. दुपारी सांगितली तेव्हा तो तिला खिंडीपर्यंत ओढत होता. चार वाजता सांगितली तेव्हा पवनेपर्यंत.

संध्याकाळी सगळे गेल्यावर केरबांनी चष्मा लावला. पेपर उजेडाला धरला. खूप वेळ बघत बसले. प्रतीक्षा सकाळच्या गाडीनं पुण्याला जाणार होती. फॉर्म हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती शेवटचीच वेळ होती, त्यामुळे तिनं तेवढं धाडस केलं होतं.

केरबांचं बोट फोटोवर फिरत होतं. सुहासवरून नाही, तिच्यावरून नाही. दोघांच्या मध्ये, माझ्यावरून.

"ढिला हाय की गं ह्यो," ते म्हणाले.

विठाबाई चुलीकडे बघत राहिली.

"सुहास्या, ढिल्या कासऱ्यानं कोन कुनाला वढतं रं?"

सुहास हसला. त्याचं हसू वाकडं झालं. "आबा, फोटूत तसं दिसतं. शेवटाला पडतो ढिला."

केरबांनी मान वर केली आणि चष्म्यातून मुलीकडे पाहिलं. तीच नजर, जी मोऱ्याकडे असायची. त्यांना कळलं होतं. वीस वर्षं ज्यानं कासरा धरला त्याला कळणार नाही तर कुणाला? प्रतीक्षानं एक पाऊल पुढं टाकलं. फॉर्मची घडी उघडली. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. मीही बघत होतो.

केरबांनी पेपरची घडी घातली.

"च्या ठेव," ते म्हणाले.

तिनं फॉर्म दप्तरात घातला आणि चहा ठेवला. चौघांसाठी.

पुढच्या आठवड्यात सुहासनं फोटो मोठा करून आणला, फ्रेम केली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली लावला. शोभेला म्हणून फोटोखाली मला टांगलं. कारखान्यातल्या साहेबांची बदली झाली. सुहास अजून कंत्राटावरच आहे. फॉर्मची तारीख गेली. प्रतीक्षा आता दर आठवड्याला घरी येत नाही. अभ्यास आहे म्हणते. मागच्या वेळी आली होती तेव्हा घरात कुणी नसताना ती माझ्यासमोर उभी राहिली. माझं टोक तिनं मुठीत धरलं, डोळे मिटले. पलीकडे कुणीच नव्हतं. तिनं मला सोडून दिलं.

माझ्या सुतात अजून तिच्या कमरेचा घाम आहे. तो हळूहळू वाळेल. पोटावरचा वळ तर केव्हाच गेला असेल. मग साक्षीला फक्त हा फोटो राहील, आणि तो तर खोटं बोलण्यासाठीच भिंतीवर लावलाय. पण त्याला स्वतःलाही पुरतं खोटं बोलता आलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच मागतो. कधी भाज्याला आलात, लेणी बघून खाली उतरताना तहान लागली आणि या घरात पाणी प्यायला थांबलात, तर तुम्हालाही हा फोटो दाखवतील. पुढं कोण आहे आणि मागं कोण, ते बघू नका. दोघांच्या मध्ये बघा. मी तिथं आहे, जमिनीला टेकलेला. तुम्हाला दिसलं तर तेवढं मोठ्यानं म्हणा. या घरात ते एकदाच म्हटलं गेलंय, आणि नंतर चहा झाला.